गळू: चीर कधी द्यायची, औषध कधी पुरतं आणि हात कुठे आखडता घ्यायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकट्या भावाच्या मांडीवर गळू आलं. जवळच्या डॉक्टरांनी पाच दिवस अँटिबायोटिक दिलं, तरी ते वाढतच गेलं. रात्री ठणका सहन होईना म्हणून तुम्ही त्याला कॅज्युअल्टीत नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचं लहान मशीन फिरवून पाहिलं, चीर देऊन पू काढला आणि अँटिबायोटिक न लिहिताच घरी पाठवलं. आता तुम्हाला वाटतंय की दोघांपैकी एकाचं नक्की चुकलं. एक तर पहिल्यांनी पाच दिवस वाया घालवले, नाहीतर दुसऱ्यांनी हयगय केली.

मी नागपुरात आपत्कालीन विभागात बरीच वर्षं काम करते आहे आणि गळवं हे आमचं रोजचं काम आहे. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल निकाल देणार नाही. पण तुम्ही सांगितलेल्या क्रमात दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात. गळवाच्या बाबतीत आम्हाला आधी एकच गोष्ट ठरवायची असते: आत पू साचला आहे का, आणि साचला असेल तर नेमका कुठे? याचं उत्तर पहिल्या दिवशी एक असतं आणि पाचव्या दिवशी दुसरं असू शकतं.

सुरुवातीला बहुतेक वेळा कातडीखाली फक्त जंतुसंसर्ग पसरलेला असतो. जागा लाल, गरम, दुखरी आणि घट्ट होते. याला आम्ही सेल्युलायटिस म्हणतो. इथे रक्तपुरवठा चालू असतो, त्यामुळे रक्तातून जाणारं औषध जंतूंपर्यंत पोचतं आणि गोळ्यांनी काम होतं. या अवस्थेत चीर दिली तर रक्त येतं, पू येत नाही, आणि रुग्णाच्या वाट्याला विनाकारण जखम येते. पुढे शरीर त्या जंतूंना एका जागी कोंडतं. पांढऱ्या पेशी तिथे धावतात, मरतात, आसपासचा ऊतक विरघळतो आणि भोवती भिंत तयार होते. त्या पोकळीत रक्तवाहिन्या नसतात, ऑक्सिजन फार कमी असतो, पू आम्लधर्मी असतो आणि जंतूंची दाटी प्रचंड असते. औषध भिंतीपर्यंत जातं, आत पुरेसं उतरत नाही, आणि जे उतरतं ते त्या वातावरणात नीट काम करत नाही. म्हणून पू एकदा साचला की तो बाहेर काढणं हाच उपचार, आणि गोळ्या दुय्यम. "गोळ्याइनं नाही बसत का जी?" हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक पाळीत कुणीतरी विचारतं. पू असेल तर माझं उत्तर ‘नाही’ असंच असतं आणि का नाही ते मी रुग्णाला सांगते. कारण कळलं की चिरेची भीती निम्मी होते.

मग पू आहे हे ओळखायचं कसं? कातडी पातळ झाली असेल, मध्ये पिवळसर तोंड दिसत असेल, दोन बोटांनी आळीपाळीने दाबल्यावर आत पातळ काहीतरी हलल्यासारखं वाटत असेल, तर शंका उरत नाही. रुग्णाचं म्हणणंही मी फार लक्ष देऊन ऐकते. दुखणं आधी नुसतं ‘जळजळतं’ असं होतं आणि काल रात्रीपासून ते ठणकायला लागलं, झोप उडाली, असं कुणी सांगितलं की पू धरल्याची शक्यता वाढते. पण बोटं फसतात. मांडी, कुल्ला, पाठ अशा जाड जागी पू खोल असतो आणि वर फक्त एक टणक लालसर फुगवटा लागतो. उलट काही वेळा सुजलेला भाग इतका मऊ लागतो की पू असल्याची खात्री वाटते, आणि आत काहीच निघत नाही.

इथे पलंगाशेजारी केलेली सोनोग्राफी कामी येते. कातडीजवळचं पाहणारा सपाट प्रोब ठेवला की सेल्युलायटिसमध्ये चरबीच्या गाठोळ्यांभोवती द्रव पसरलेला दिसतो, फरशीच्या दगडांमधल्या फटींत पाणी साचावं तसा. गळू असेल तर काळसर, बऱ्यापैकी आखलेली पोकळी दिसते, आणि प्रोबने हलकेच दाबलं की आतला पू घुसळताना दिसतो. पोकळी किती सेंटिमीटर खोल आहे, तिच्यात कप्पे आहेत का, शेजारून मोठी रक्तवाहिनी जाते का, हेही तिथेच कळतं. तुमच्या भावाच्या मांडीवर मशीन फिरवलं ते यासाठी, आणि माझ्या मते त्या रात्रीची ती सर्वांत महत्त्वाची पायरी होती.

आपल्याकडे या तपासणीचा आणखी एक उपयोग आहे. शेतात काम करणाऱ्या माणसाच्या पायातलं गळू एकदा फोडलं, भरलं, महिन्याने पुन्हा आलं, असं झालं की मी आधी काट्याचा विचार करते. बाभळीचा काटा मोडून आत राहिला तर साध्या एक्स-रेमध्ये तो सहसा दिसत नाही, कारण लाकूड एक्स-रे अडवत नाही. सोनोग्राफीत तो पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. काटा आत असेपर्यंत कितीही पू काढला आणि कितीही गोळ्या दिल्या तरी ती जागा वाहतच राहते.

आता मुद्दा असा की पू आहे हे कळल्याबरोबर ब्लेड उचलायचं का? मांडी, पाठ, दंड, पोट इथलं साधं गळू असेल तर हो. पण या कामात खरी कसोटी लागते ती कोणत्या गळवाला आपण हात लावायचा नाही हे ओळखताना. चीर द्यायला महिन्याभरात शिकता येतं. हे ओळखायला त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो. त्यामुळे इथे जरा थांबून लिहिते.

जांघेत, मानेत, गुडघ्यामागे, काखेत असलेली गाठ नाडीबरोबर उडते का ते आधी पाहायचं. रक्तवाहिनीला फुगा आला असेल, विशेषतः मांडीतून अँजिओग्राफी झालेल्या किंवा शिरेतून नशेची इंजेक्शनं घेणाऱ्या माणसात, तर वरची कातडी अगदी गळवासारखी लाल आणि गरम असू शकते. त्यावर चीर म्हणजे प्राणाशी गाठ. सोनोग्राफीत रंगीत डॉपलर लावून रक्ताचा प्रवाह नाही ना, याची खात्री केल्याशिवाय या जागांना मी सुईसुद्धा लावत नाही. जांघेतली गाठ पुष्कळदा अवधाण असते. पायाला जखम झाली म्हणून लसीकाग्रंथी सुजलेली असते. तेव्हा जांघ पाहताना पाय, तळवा आणि बोटांच्या बेचक्या पाहिल्याच पाहिजेत. विदर्भात हत्तीरोगही आहे. हत्तीपायाच्या रुग्णाला अचानक ताप येऊन पाय लालबुंद होतो, पण तिथे बहुधा पू नसतो. विश्रांती, पाय उंच ठेवणं, त्वचेची स्वच्छता आणि गरजेप्रमाणे औषधं, हा त्याचा उपचार. त्याला चीर देऊ नये, आधीच सुजलेल्या पायावरची जखम भरता भरत नाही.

तोंड आणि गळ्याचं आपल्या भागात वेगळंच प्रकरण आहे, आणि त्याचं कारण खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेलं मिश्रण. दाढेच्या मुळाशी पू झाला किंवा टॉन्सिलशेजारी पू साचला की जबडा आखडतो, तोंड उघडत नाही. हे धोक्याचं लक्षण. पण वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्याचं तोंड मुळातच दोन बोटं सुद्धा उघडत नसतं, कारण गालाच्या आतला पडदा कडक झालेला असतो. म्हणून मी ‘तोंड उघडतं का?’ एवढ्यावर थांबत नाही. ‘परवा किती उघडत होतं? परवा भाकर खाता येत होती का?’ असं विचारते. परवापर्यंत जेवणारा माणूस आज पाणी गिळू शकत नसेल, लाळ बाहेर गळत असेल, आवाज घोगरा किंवा तोंडात काही धरल्यासारखा येत असेल, हनुवटीखालची जागा लाकडासारखी कडक होऊन जीभ वर उचलली गेली असेल, तर हा श्वासनलिकेचा प्रश्न आहे. खालच्या दाढांचा संसर्ग जिभेखाली दोन्ही बाजूंना पसरून असं होतं. अशा माणसाला उताणं झोपवायचं नाही, बसलेलाच ठेवायचा, आणि जिथे कान-नाक-घशाचे डॉक्टर व भूलतज्ज्ञ आहेत अशाच ठिकाणी न्यायचा. नागपुरात मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स आणि मोठी खासगी रुग्णालयं आहेत. जिल्ह्यातल्या भिवापूरच्या किंवा नरखेडच्या डॉक्टरांनी असा रुग्ण सकाळची वाट न पाहता पाठवावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. उघडत नसलेल्या तोंडात श्वासनळी टाकणं आधीच अवघड, त्यात सूज वाढली की फार अवघड होऊन बसतं.

गुदद्वाराजवळचं गळू बाहेरून लहानशा पुळीएवढं दिसतं आणि आत खोलवर पसरलेलं असतं. बसता येत नाही, शौचाला जीव जातो, ताप आहे, आणि बाहेर मात्र फारसं काही दिसत नाही, असं असेल तर ते आतलं गळूच धरून चालावं. ते सर्जनने, नीट भूल देऊन उघडायचं. यातल्या बऱ्याच रुग्णांना, साधारण तिघांत एकाला, पुढे भगंदर होतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर लोकांना वाटतं की शस्त्रक्रियेमुळेच ते झालं. हाताच्या बोटाचंही तसंच. नखाच्या कडेचं नखुरडं मी स्वतः काढते. पण पूर्ण बोट सारखं सुजलंय, ते अर्धवट वाकलेलं आहे, तळव्याच्या बाजूने स्नायुरज्जूच्या रेषेवर दाबलं की दुखतं आणि बोट हलकेच सरळ केलं तरी रुग्ण ओरडतो, ही चार लक्षणं एकत्र दिसली तर संसर्ग रज्जूच्या आवरणात गेलेला असतो. तिथे काही तासांच्या उशिरानेही बोट कायमचं आखडू शकतं. नाक आणि वरच्या ओठाच्या त्रिकोणातली पुळी घरी पिळू नये, कारण तिथल्या शिरांचा संबंध मेंदूलगतच्या शिरांशी असतो. अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनात पू झाला तर सोनोग्राफीत पाहत सुईने पू ओढून काढणं हा आज पहिला पर्याय आहे, लागलं तर दोन-तीन वेळा. बाळाला पाजणं थांबवायचं नसतं. दूध तुंबलं तर त्रास वाढतो.

दोन गोष्टी विदर्भातल्या डॉक्टरांनी विसरूच नयेत. एक, क्षयाचं गळू. आठवडे-महिने हळूहळू वाढलेली, गरम नसलेली, फारशी न दुखणारी गाठ, मानेत किंवा पाठीच्या कण्याजवळ, सोबत संध्याकाळचा हलका ताप आणि घटलेलं वजन. हिच्यावर थेट चीर दिली की तोंड तयार होऊन महिनोन्‌महिने वाहत राहतं. शेजारच्या निरोगी कातडीतून तिरकी सुई घालून द्रव काढायचा, तो क्षयाचे जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट तपासणीला पाठवायचा, आणि औषधं क्षयाची. दुसरी, सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. सिकलसेलच्या मुलाच्या पायावर लाल, गरम, दुखरी सूज असेल तर ते कातडीतलं गळू असेलच असं नाही. हाडात पू झालेला असू शकतो, आणि या मुलांत त्यामागे साल्मोनेला जंतू असण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त असते. नुसता वेदनेचा झटकाही असाच दिसू शकतो. शिवाय साधा संसर्गसुद्धा झटक्याला निमित्त ठरतो, म्हणून अशा मुलाला पाणी, वेदनाशामक आणि निरीक्षण याशिवाय घरी पाठवू नये.

आणि ज्याची मला सर्वांत धास्ती वाटते तो संसर्ग. वरून थोडीशी लाली, पण वेदना मात्र दिसतं त्याच्या दसपट. कातडी निळसर-काळसर पडते, फोड येतात, दाबल्यावर चरचर जाणवते, लालीची कड तासागणिक पुढे सरकते, रुग्ण घामाघूम, नाडी जोरात, रक्तदाब खाली. इथे संसर्ग स्नायूंवरच्या पडद्यातून वणव्यासारखा पळत असतो. याला कॅज्युअल्टीतली चीर पुरत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन मेलेला ऊतक काढावा लागतो, आणि जितका उशीर तितका जास्त काढावा लागतो. संशय असला की मी बॉलपेनने लालीच्या कडेवर रेघ मारते, वेळ लिहिते, शिरेतून अँटिबायोटिक सुरू करते आणि सर्जनला फोन करते, तपासण्यांचे निकाल यायची वाट पाहत नाही. आपल्याकडे एक गोंधळ मात्र होतो. दुखऱ्या जागेवर बिब्बा लावलेला असतो. बिब्ब्याने कातडी भाजते, काळी पडते, फोड येतात, आणि ते चित्र या घातक संसर्गासारखं दिसू शकतं. म्हणून ‘काय लावलं होतं?’ हा प्रश्न मी रागावून विचारत नाही. रागावलं की लोक सांगत नाहीत, आणि ती माहिती मला हवी असते.

कांदा भाजून बांधणं, हळद आणि कणकेचं पोटीस याबद्दलही लोक विचारतात. लहान केसतोड असेल तर कोमट ओल्या फडक्याने दिवसातून तीन-चार वेळा शेकायला माझी हरकत नाही, त्याने पुष्कळदा ती आपोआप फुटते. मधुमेहात पायाची संवेदना गेली असेल तर शेकू नये, भाजलेलं कळत नाही. चुना, शेण, टूथपेस्ट, बिब्बा यांपैकी काहीही लावू नये. आणि उन्हाळ्यात गळवं वाढतात ती आंब्यांमुळे नव्हे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, घाम साचतो, घट्ट कपड्यांनी जांघ-काख घासली जाते, आणि केसांच्या मुळांशी जंतूंना वाट मिळते. आंबा खुशाल खा, मधुमेह नसेल तर.

आता चिरेबद्दल. लोकांना भीती दुखण्याची असते आणि ती रास्त आहे. सुजलेल्या आम्लधर्मी ऊतकात भुलीचं इंजेक्शन नीट चढत नाही, त्यामुळे ‘इंजेक्शन दिलं तरी दुखलं’ ही तक्रार खरी असते. म्हणून मी आधी वेदनाशामक देऊन अर्धा तास थांबते, लिग्नोकेन या भुलीच्या औषधात थोडं सोडियम बायकार्बोनेट मिसळते म्हणजे टोचताना आग कमी होते, आणि गळवात न टोचता त्याच्या भोवतीच्या निरोगी कातडीत चारी बाजूंनी भूल देते. मग वरच्या कातडीच्या पातळ थरात थोडी. मात्रेची मर्यादा पाळावी लागते: साधं लिग्नोकेन किलोमागे ४.५ मिलिग्रॅम, अ‍ॅड्रेनॅलिनसह ७ मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला २ टक्क्यांचं साधं लिग्नोकेन १३ मिलिलिटरपर्यंत. मूल लहान असेल किंवा गळू मोठं असेल तर मी जबरदस्तीने धरून काही करत नाही. केटामिनसारखं औषध देऊन, ऑक्सिजन आणि मॉनिटर लावून, शांतपणे करते. धरून कापलेलं मूल पुढे डॉक्टरच्या दाराशीही येत नाही.

गळू पुन्हा भरण्याचं माझ्या पाहण्यातलं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे चीर लहान पडणं. दया म्हणून अर्ध्या सेंटिमीटरची टोच मारली की पू येतो, रुग्णाला बरं वाटतं, आणि दोन दिवसांत तोंड मिटून आत पुन्हा साचतं. अकरा नंबरच्या ब्लेडने, कातडीच्या नैसर्गिक रेषांच्या दिशेने, पोकळीतला सगळा पू वाहील एवढी चीर हवी. मग आर्टरी फोर्सेप्स आत घालून, उघडून, आतले कप्पे मोडायचे. पू दाबाखाली असतो, म्हणून डॉक्टरने चष्मा आणि मास्क घालायलाच हवा. मोठ्या गळवाला मी कधी कधी दोन लहान चिरा देऊन त्यांतून रबरी पट्टी ओवते आणि सैल गाठ मारते. तोंड उघडं राहतं, रोज आत काही कोंबावं लागत नाही, मुलांना हे फार सोसवतं.

पूर्वी प्रत्येक गळवात गॉजची पट्टी ठासून भरत आणि रोज ती काढून नवी भरत. त्या ड्रेसिंगच्या आठवणीने आजही लोक शहारतात. ५ सेंटिमीटरपेक्षा लहान, साध्या गळवात अशी पट्टी भरल्याने बरं होण्यात फरक पडत असल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही, दुखणं मात्र वाढतं. मी लहान गळवात भरत नाही. पोकळी मोठी असेल, रक्त झिरपत असेल किंवा मधुमेह असेल तर सैलसर ठेवते आणि एक-दोन दिवसांत काढते.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येते. पू काढल्यावर अँटिबायोटिक द्यायचं की नाही, यावर चांगला पुरावा आहे, आणि तो एका बाजूला शंभर टक्के झुकत नाही. २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या आपत्कालीन विभागांतला अभ्यास आला. चीर सगळ्यांनाच दिली होती. त्यानंतर कोट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक मिळालेल्यांत ८०.५ टक्के बरे झाले, औषध नसलेली गोळी मिळालेल्यांत ७३.६ टक्के. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात ५ सेंटिमीटरपर्यंतच्या गळवांचा अभ्यास आला: क्लिंडामायसिनने ८३.१ टक्के, कोट्रायमॉक्साझोलने ८१.७ टक्के, नुसत्या चिरेने ६८.९ टक्के. म्हणजे चीर एकटीच सुमारे ७० टक्के काम करते आणि योग्य औषध त्यात थोडी, पण खरीखुरी भर घालते. बदल्यात जुलाब, अंगावर पुरळ आणि औषधाला दाद न देणारे जंतू वाढण्याची जोखीम येते.

त्यामुळे तुमच्या भावाच्या डॉक्टरांनी औषध न देणं ही हयगय ठरत नाही, आणि दिलं असतं तरी वावगं नव्हतं. मी काय पाहते ते सांगते. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर असेल, नाडी जोरात असेल, भोवतालची लाली लांब पसरली असेल, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार असेल, हृदयात कृत्रिम झडप असेल, रुग्ण तान्हा किंवा खूप म्हातारा असेल, जागा चेहरा, हात किंवा गुप्तांगाची असेल, तर देते. तरणाताठा माणूस, एकच लहान गळू, पू पूर्ण निघाला, ताप नाही, तर त्याच्याशी बोलून ठरवते. यात घराचं अंतरही धरते. नागपुरातल्याच सदर भागातला रुग्ण दोन दिवसांनी सहज दाखवायला येईल. दूरच्या देवलापारहून आलेला मजूर रोजी बुडवून येणार नाही हे मला माहीत असतं, म्हणून त्याला देण्याकडे माझा कल असतो.

कोणतं औषध, यालाही तितकंच महत्त्व आहे. कातडीच्या गळवामागे बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस जंतू असतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अलीकडच्या वार्षिक अहवालांत देशातल्या रुग्णालयांमधून आलेल्या या जंतूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मेथिसिलिनला, म्हणजे पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधाला, दाद न देणारे होते. आपल्याकडे सर्रास लिहिल्या जाणाऱ्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट किंवा सेफिक्झिमचा अशा जंतूवर उपयोग होत नाही. कोट्रायमॉक्साझोल स्वस्त आणि चांगलं आहे, पण सल्फाची अ‍ॅलर्जी आणि जीसिक्सपीडीची (रक्तपेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता विचारूनच द्यावं, कारण ती कमतरता असणाऱ्यांच्या रक्तपेशी या औषधाने फुटू शकतात. तुमच्या भावाला पाच दिवसांच्या औषधाने फरक पडला नाही याचा अर्थ दोनपैकी एक: पू आधीच साचला होता, किंवा औषध त्या जंतूचं नव्हतं. मी असते तर याच कारणासाठी पू कल्चरला, म्हणजे जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल ते पाहणाऱ्या तपासणीला, पाठवला असता. साध्या पहिल्या गळवात मी ते करत नाही, पण औषध घेऊनही वाढलेल्या, पुन्हा पुन्हा होणाऱ्या किंवा मधुमेही माणसाच्या गळवात करते. पू निर्जंतुक बाटलीत द्यावा, नुसत्या कापसाच्या काडीवर नको. तो पाठवला होता का, हे तुम्ही तिथे विचारू शकता. धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे का, तेही पाहा.

घरी काय करायचं? पहिले दोन-तीन दिवस थोडं पाणी-पू येणं ठीक आहे. ड्रेसिंग भिजलं की बदला, नागपूरच्या उन्हाळ्यात दिवसातून दोनदाही लागेल. दुसऱ्या दिवसापासून साध्या साबणाने आणि वाहत्या पाण्याने जखम धुवायला, आंघोळीला हरकत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा डेटॉल आत ओतू नका, नवा ऊतक जळतो. जखम तळापासून वर भरते, वरचं तोंड काही दिवस उघडं राहणं हे चांगलंच. ४८ तासांनी एकदा डॉक्टरांना दाखवा. ताप आला, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, लाली आणखी पसरली, उलट्या किंवा ग्लानी आली, तर त्याच रात्री परत न्या.

काखेत किंवा जांघेत दर काही महिन्यांनी गळवं येऊन व्रण आणि बोगदे राहत असतील, तर तो त्वचेचा वेगळा दीर्घ आजार असू शकतो. त्याला दर वेळी चीर हा उपाय नाही, त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला हवं. वजन आणि तंबाखू या दोन्हींचा त्याच्याशी संबंध आहे.

शेवटची गोष्ट, जी मी प्रत्येक गळवाच्या रुग्णाची करते: साखर. पाठीवरची काळपुळी घेऊन आलेल्या चाळिशीतल्या माणसाला मधुमेह असल्याचं पहिल्यांदा आमच्याच टेबलावर कळतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय. संसर्गाच्या काळात साखर तशीही वाढते, म्हणून एका आकड्यावरून निष्कर्ष न काढता सोबत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, करते. ते ६.५ किंवा अधिक आणि उपाशीपोटीची साखर १२६ किंवा अधिक, हे मधुमेहाचे आकडे आहेत. भावाचं वय कमी असलं तरी या आठवड्यात ही तपासणी करून घ्या. घरात कुणाला सिकलसेल असेल तर ते प्रयोगशाळेत आणि डॉक्टरांना आधी सांगा, कारण त्या रक्तात एचबीएवनसीचा आकडा फसवा येतो. मग जखम भरल्यावर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पुन्हा एकदा करून त्यावरूनच ठरवावं लागतं.